तुलनेचं गाव

आमच्याकडे पाहुण्याला दोन प्रश्न विचारत नाहीत. कधी येणार, आणि कधी जाणार. पहिला विचारला तर त्याला वाटतं हे दाणे मोजून बसलेत. दुसरा विचारला तर वाटतं, दाणे संपले. नवापूरच्या या सीमेवरच्या डोंगरात, आमच्या कोकणी आदिवासी घरांत, हे कुणी बसवून शिकवत नाही. लहानपणी एकदा विचारून बघायचं आणि आईचा चिमटा खायचा, झालं शिकून. मी खाल्लाय. मामा आला होता, माझी गोधडी त्याला दिली होती, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, उद्या जाशील ना?" आईने दंडाला असा चिमटा काढला की मामाच मध्ये पडला.

या सवयीचं कधी वाईट वाटलं नाही, कौतुकही वाटलं नाही. श्वास घेतो त्याचं कोण कौतुक करतं? पण शिकलेली, चांगली, माझ्या घरी जेवलेली बाई याच सवयीवर आपलं काम बेतील, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. आज त्याला बरेच महिने झालेत, तरी भाकरी थापताना आठवलं की हात थांबतो आणि शिवी तोंडात येते. येऊ दे. शिवी यायलाच पाहिजे अशी गोष्ट आहे ही.

मी आश्रमशाळेत शिकले. माझं मराठी तिथलं. पुढे नवापुरात एका डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून बरीच वर्षं काढली, मधे लग्न झालं, मोडलं, आणि मी भावाच्या पाड्यावर परत आले. परत आलेल्या नणंदेला भावजय कशी वागवते हे जगाला माहीत आहे. माझ्या वहिनीने पहिल्या दिवशी मला पाणी दिलं आणि म्हणाली, "बाई, ती बाजूची खोली आहे ना, तिची एक भिंत पडलीय. तू कूड बांध, मी लिंपते." बस, एवढंच. का आलीस, किती दिवस राहणार, काही नाही. मी कूड बांधला, तिने लिंपला. त्या खोलीत मी अजून राहते.

वहिनी गरीब गाय होती असं कुणी समजू नका. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भाऊ बैल सोडून शेतात निघून जायचा. पण हात! आमची घरं कुडाची, बांबू-कारवीच्या ताटव्यांची. पावसाच्या माऱ्याने दरवर्षी भिंतीची माती धुऊन जाते आणि दिवाळीच्या आत नवी चढवावी लागते. माती, शेण, भाताचं तूस एकत्र भिजवायचं, पायांनी तुडवायचं, मग तळहाताने कुडात दाबत न्यायचं. हे सगळ्याच बाया करतात. वहिनी मातीचा वरचा हात ओला असतानाच चार बोटांनी अर्धे गोल ओढत जायची, एकातून एक, न थांबता, न मागे बघता. भिंत वाळली की उन्हात त्या रेघा दिसायच्या. पाड्यावरच्या बाया म्हणायच्या, हिची भिंत बघत दोन घास जास्त जातात. आमच्या पाड्यावर अर्धी घरं रविवारी प्रार्थनेला जातात, अर्धी डोंगरदेवाला मानतात, पण लग्न कुणाच्याही घरी असो, भिंत लिंपायला वहिनीला बोलावणं असायचंच.

पाहुण्यांचं सुरू झालं ते असंच, गमतीत. डॉक्टरांचे सुरतेचे नातेवाईक एकदा नागलीची भाकरी खायला म्हणून पाड्यावर आले. वहिनी माती तुडवत होती. त्यातली एक बाई बघत राहिली, मग चप्पल काढली, साडी खोचली आणि उतरली की मातीत! शेण आहे म्हटल्यावर किंचाळली, पण बाहेर नाही आली. वहिनी तिला म्हणाली, "हाताने चाचपू नको. पायाला विचार, माती झाली का." त्या बाईने संध्याकाळपर्यंत अर्धी भिंत लिंपली, हात सुजवून घेतले आणि जाताना रडली. पुढच्या वर्षी मैत्रिणींना घेऊन आली. त्या मैत्रिणींनी आणखी कुणाला सांगितलं. लोक राहायचे, भिंत लिंपायचे, भाकरी थापायला शिकायचे आणि आनंदाने पैसे देऊन जायचे. अख्खा पाडा हसायचा. "मजुरी देऊन मजुरी करतात, येडे का काय!" हसत हसत आणखी दोन घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली.

मग मॅडम आल्या. एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठातून. चाळिशीच्या, सुती साडी, पायात साध्या चपला, मराठी गोड. म्हणाल्या, तुम्ही जे करताय त्याला सर्जनशील पर्यटन म्हणतात. पाहुणा नुसता बघून जात नाही, हाताने काही करतो, शिकून जातो. मी ते कोकणीत वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, "म्हणजे फुकट राबतो. ते आपल्याला ठाऊक आहे, पुढचं विचार." मी पुढचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, आजवर आम्ही लोक गावात येतो, प्रश्न विचारतो, निघून जातो. मला तसं नाही करायचं. तुमच्याकडे अनुभव आहे, माझ्याकडे अभ्यास आहे. आपण भागीदार.

भागीदार! हा शब्द मला कुणी आजवर म्हटला नव्हता. नवऱ्यानेसुद्धा नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्या आमच्याकडे बरेच दिवस राहिल्या. माझ्याच खोलीत, खाली, चटईवर. गुडघा दुखायचा त्यांचा. वहिनीने मोहाच्या बियांचं तेल कोमट करून रोज चोळून दिलं. मला त्यांनी त्यांच्या आईबद्दल सांगितलं. आईला विसरायला होतं, लेकीला कामवाली बाई समजून 'तुमचा पगार झाला का' म्हणून विचारते. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी त्या आईचं नाव घेऊन रविवारी प्रार्थना केली. ही मैत्री नाही तर मग कशाला मैत्री म्हणायचं, सांगा मला.

वहिनी माती कशी मळते, काय बोलते, बोटं कशी फिरवते, सगळं त्यांनी मोबाईलवर घेतलं. वहिनीला आवडलंही. पुन्हा पुन्हा बघायची आणि म्हणायची, "माझं नाक केवढं दिसतंय, बघ!"

असंच एकदा चुलीपाशी बसलो असताना मॅडमनी विचारलं, "मागच्या वर्षीच्या पाहुण्यांना तुम्ही फोन करता का? यंदा कधी येताय म्हणून?" मी हसले. वहिनीला सांगितलं, तीही हसली. मग मी मॅडमना सगळं समजावलं, ते दोन प्रश्न, दाणे, मामा, चिमटा. एकदा 'या' म्हटलं की घर तयार ठेवायचं आणि गप्प बसायचं. येणारा येतो. मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर आहे हे." मलाही तेव्हा ते सुंदर वाटलं. लोकांनी सांगितलं की वाटतं तसं.

पावसाळा सरता सरता त्यांनी सांगितलं की दिवाळीनंतर काम जोरात सुरू होईल. सुरतेहून, पुण्याहून पाहुणे पाठवणार. "तुम्ही घरं तयार ठेवा. आणि एक करा, तुमच्या जुन्या पाहुण्यांनाही माझाच नंबर द्या. सगळं एका ठिकाणाहून झालं की गोंधळ होणार नाही." मला पटलं. ज्या सुरतेच्या बाईने पहिली भिंत लिंपली होती तिलासुद्धा मी सांगितलं, आता आमच्या मॅडमना फोन करा.

इथून पुढचं सांगताना मला त्रास होतो, पण सांगते.

दसरा जवळ आला की ऊसतोडीचा मुकादम पाड्यावर येतो. भाऊ आणि वहिनी दरवर्षी त्याच्या टोळीत गुजरातेत जायचे, ऊस तोडायला. आमच्याच पाड्यावरची जोडपी, ओळखीची माणसं, म्हणून त्यातल्या त्यात बरं. भाची लहान, तिलाही न्यायचे. म्हणजे दरवर्षी तिची शाळा अर्ध्यावर सुटायची. त्या वर्षी मी म्हटलं, जाऊ नका. पाहुणे येणार आहेत. भिंत शिकवायला वहिनी नसेल तर पाहुणे काय माझं तोंड बघायला येतील? पोरगी इथे शाळेत राहील.

भाऊ बैल सोडून शेताकडे निघाला. वहिनी बोलली. "बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, बाई! पाहुणे आले तर ठीक. नाही आले तर आम्ही काय तुझ्या मॅडमच्या गुडघ्याचं तेल पिऊ?"

मी चिडले. म्हटलं, दरवर्षी उसाच्या पाल्याने हात कापून घेतेस, तुला तेच बरं वाटतं का? चांगली वाग्युद्धं झाली. सगळ्या पाड्याने ऐकली. दुसऱ्या दिवशी मुकादम दारात आला तेव्हा वहिनी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने सांगितलं, "यंदा नाही." तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्यावर थांबतेय बरं का. त्या मॅडमवर नाही."

हे वाक्य तिने तेव्हा सहज म्हटलं. मला तर ते ऐकून बरंच वाटलं.

पाऊस थांबला. पाड्यावर सगळ्यांनी भिंती लिंपल्या. आम्ही नाही लिंपल्या. पाहुण्यांनी लिंपायच्या ना! भिंत लिंपलेली असली तर ते शिकणार कशावर? म्हणून आमच्या घराचा आणि माझ्या खोलीचा कूड तसाच उघडा ठेवला. माती आणून ढीग केला, तूस पोत्यात भरून ठेवलं. दिवाळी झाली. सगळ्यांची घरं छान, आमच्या घराच्या फासळ्या दिसतायत. थंडी पडायला लागली, कुडातून वारा यायचा, भाचीला खोकला लागला. वहिनीने कुडाला आतून जुन्या साड्या लावल्या. येता जाता बाया विचारायच्या, "काय गं, लिंपायला कुणी मिळत नाही का?" वहिनी म्हणायची, "परदेशातून माणसं मागवलीत." आणि हसायची. नोव्हेंबरात ती हसत होती, हे मला चांगलं आठवतं.

मॅडम महिन्यातून एकदा यायच्या. चहा प्यायच्या, भाचीच्या हातात बिस्किटं द्यायच्या आणि आम्हाला समोर बसवून विचारायच्या. या महिन्यात पाहुणे आले का? नाही. किती घरांनी तयारी केली? सगळ्यांनी. पाहुणे यावेत म्हणून तुम्ही स्वतः काय केलंत?

"वाट बघितली," मी म्हणायचे.

"आणखी?"

आणखी काय? मी खाली बघायचे. लाज वाटायची मला. वाटायचं, आपलंच काही कमी पडतंय. घर लहान आहे, संडास अंगणापलीकडे आहे, त्यांनी कुणाकुणाला सांगितलं असेल आणि लोक नको म्हणत असतील, आणि ही बिचारी आपल्याला तोंडावर कसं सांगणार? मी त्यांची कीव करत होते! आणि विचारायचं तर नाहीच. त्या स्वतःच पाहुण्या, त्यांनी बोलावलेलेही पाहुणेच. वहिनी एकदा माझ्या कानात म्हणाली, "विचारून टाकते मी." मीच तिचा हात दाबला. म्हटलं, नको, बरं दिसत नाही.

संक्रांतीपर्यंत घरातलं भात संपत आलं. भाऊ एका सकाळी उठला, गुजरातेत सोनगडला जाऊन आला आणि म्हणाला, काम बघितलंय. ऊस नाही, उसाच्या टोळ्या केव्हाच भरल्या. वीटभट्टी, व्याऱ्याच्या पुढे. आपल्यातलं कुणी नाही, पण मालक बोलायला बरा आहे. वहिनीने भांडी बांधली. मला वाटलं ती आता मला धुऊन काढणार. पण तिने भाचीचं दप्तर घ्यायचं की ठेवायचं म्हणून दोनदा हातात घेतलं, आणि घेतलं बरोबर. जाताना मला म्हणाली, "साड्या काढू नको कुडाच्या, वारा लागेल तुला." मी जीपपर्यंत गेले नाही. खोलीत बसून राहिले.

ते गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी मी नवापूरच्या बाजारात गेले होते. परत यायला काळीपिवळी जीपमध्ये बसले तर ड्रायव्हर ओळखीचा, अहिराणी बोलणारा. गाडी भरायची वाट बघत तो सहज म्हणाला, "ताई, मॅडमना पाहुणा तं तिकडे उतरी ऱ्हायनात. काल बी मीच सोडी वनू. तुन्हाकडे येतस नही का?"

"कुठल्या मॅडम?" मी विचारलं. खरं तर कळलं होतं, कुणाचे पाहुणे तिकडे उतरतायत ते.

त्याने हायवेपलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. आमचीच माणसं तिथे, पण कोंबड्यांचे फार्म, ट्रक, व्यापारी यांच्यात वावरून जरा धीट झालेली. मी त्याच गाडीतून उतरले आणि तिकडे जाणारी दुसरी पकडली.

काय सांगू काय बघितलं! पाटी लावलेली. ओट्यावर पाण्याचे माठ झाकून. अंगणात पाच-सहा पाहुण्या साड्या-पँट वर करून माती तुडवतायत. त्यांच्यात ती सुरतेची बाई! मला बघून धावत आली, मातीचे पाय घेऊन. "अरे ताई! तुम्ही इथे? तुमच्याकडे यायचं म्हणून फोन केला तर मॅडम म्हणाल्या, यंदा तिकडे नाही, इकडे जा. मला वाटलं तुमच्या घरी काही अडचण आहे." आणि तिच्या मागे उभी असलेली गावची बाई, शिकवणारी, एका पोरीला ओरडून सांगत होती, "हाताने नाही गं, पायाला विचार, माती झाली का!"

माझ्या वहिनीचं वाक्य. तिच्याच सुरात. कंबरेवर हातसुद्धा तसाच.

त्या बाईला मी बाजूला घेतलं. ती चांगली बाई होती, तिचा राग नाही मला. म्हणाली, मॅडमनी मोबाईलवर दाखवलं त्यावरून शिकलो. दिवाळीपासून पाहुणे चालूच आहेत. "तुम्हाला नंतर देणार आहेत ना? आम्हाला तसं सांगितलंय. आधी आम्ही, मग तुम्ही." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. जीपवाल्याला ठाऊक होतं. सगळ्या नवापूरला ठाऊक होतं की पाहुणे कुठे उतरतात. उघड्या कुडाच्या घरात बसून वाट बघणाऱ्या आम्हीच तेवढ्या नव्हतो कुणाच्या खिजगणतीत.

पुढच्या खेपेला मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना बसा म्हटलं नाही. त्या नेहमीसारख्या बसल्या. घराकडे बघून म्हणाल्या, "वहिनी दिसत नाहीत?"

"वीटभट्टीवर गेली."

"अरेरे," त्या म्हणाल्या. खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाल्या. मग मी तिकडे जाऊन आल्याचं सांगितलं. मानलं पाहिजे, त्यांनी काही लपवलं नाही. विद्यार्थ्याला सांगावं तसं समजावून सांगितलं. सारखीच दोन गावं घ्यायची असतात. एकात काम करायचं, दुसऱ्यात काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं. तरच कळतं की पहिल्या गावात जे झालं ते आपल्या कामामुळे झालं. आमचा पाडा ते दुसरं गाव. तुलनेचं गाव.

"म्हणजे आम्ही भागीदार नव्हतो," मी म्हटलं.

"होतात ना. तुमच्याशिवाय हा अभ्यास झालाच नसता."

"काहीच करायचं नाही म्हणता, मग आमचे पाहुणे का तोडलेत? आमच्याकडे येत होते की माणसं! तुम्ही आला नसतात तरी ती सुरतेची बाई आली असती. तुम्ही नुसतं बघत नव्हता, मॅडम. तुम्ही आमचं दार बाहेरून लावून घेतलंत, आणि दर महिन्याला येऊन आत विचारत होता, कुणी आलं का!"

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, जुने पाहुणे येत राहिले असते तर तुलना बिघडली असती. आणि वर्षभराचाच प्रश्न होता. आता तो भाग संपला, यंदा दिवाळीपासून सगळं तुमच्या पाड्याला मिळेल, पाटी, पाहुणे, सगळं. या अभ्यासाचा जो लेख छापणार, त्यावर माझंही नाव घालणार आहेत, त्यांच्या नावाशेजारी. आणि मग थोड्या दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "मी तुमच्याशी खोटं बोलले नाही, ताई. तिकडची माणसं रोज फोन करायची, कधी पाठवता, कधी पाठवता. तुम्ही विचारलं असतंत तर मला सांगावं लागलं असतं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"आम्ही का विचारत नाही हे तुम्हाला मीच सांगितलं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमचा पाडा त्यात बरोबर बसत होता."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. हिने चाकूसुद्धा आणला नव्हता, आमच्याच घरातला केस घेतला. मी म्हटलं, उठा. चहा मिळणार नाही. त्या उठल्या, दारात थांबल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आई गेली माझी. मागच्या महिन्यात." आता काय करायचं माणसाने? रागात असताना असं सांगू नये कुणी. मी त्यांना परत बसवलं आणि चहा टाकला. दोघी प्यालो. विचार करून कळवा म्हणाल्या आणि गेल्या. मला त्यांची दया आली याचाच मला नंतर जास्त संताप आला.

पाड्यावर हे सांगितलं तेव्हा निम्मे लोक भडकले आणि निम्मे म्हणाले, झालं ते झालं, आता देतायत तर घ्या. रिकाम्या पोटाला राग परवडत नाही. तुझी वहिनी परत येईल, पोरगी शाळेत जाईल, तुला आणखी काय पाहिजे? खरं होतं ते. मला तेवढंच पाहिजे होतं. मॅडमना मी कधीच माफ करणार नव्हते, पण वहिनी घरी येणार असेल तर त्यांचे पाहुणे मी डोक्यावर घेऊन नाचले असते.

म्हणून दुपारी, भट्टीवर जेवायची सुट्टी असते त्या वेळी, मी वहिनीला फोन केला. मागे ट्रकचा आवाज, कुणीतरी गुजरातीत ओरडत होतं. मी म्हटलं, परत ये. यंदा पाहुणे खरंच येणार आहेत. ती म्हणाली, "गेल्या वर्षी खोटं येणार होते का?"

मग मला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं. दुसरं गाव, सुरतेची बाई, तुझं वाक्य, तुलना. वहिनी, जी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही, ती नुसती ऐकत राहिली. मला वाटलं फोन कटला.

"आहेस ना?"

"आहे. म्हणजे ती दर महिन्याला येऊन विचारायची, तेव्हा तिला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मी विचारते म्हटलं तर तू माझा हात दाबलास."

"वहिनी, मला खरंच..."

"ती तुझ्या खोलीत झोपायची, बाई. तुमचं दोघींचं सगळं मराठीत चालायचं. मला तू सांगशील तेवढंच कळायचं." ती भांडत नव्हती. ती भांडत असती तर मी भांडले असते, सवय आहे आम्हाला. "तुला ठाऊक होतं का?"

"नाही गं! देवाशपथ नाही. पोरीची शपथ."

"पोरीची नको घालू," ती म्हणाली. "पोरगी इथेच शाळेत घातलीय. गुजराती शाळा आहे, पण जाते."

मी रडायला लागले. म्हटलं, मी तुला फसवीन असं वाटतं का तुला? तुला? तिकडून कुणीतरी तिला हाक मारली. तिने 'आले' म्हणून उत्तर दिलं, आणि मग माझ्याशी बोलली, अगदी हळू, समजुतीच्या आवाजात. तेलाने गुडघा चोळताना बोलायची तसा आवाज.

"नाही वाटत. पण बाई, तुला ठाऊक नव्हतं, हे आता मी कुणाला विचारू?"

आणि ती कामाला गेली.